अकरावं घरकुल

हात वर करायला आमच्या गावाला फार आवडतं. कशासाठी केला ते नंतर चहाच्या टपरीवर कळतं. म्हणून यंदा सरकारनं गावाला घरकुलांचं उद्दिष्ट दिलं आणि लाभार्थी ग्रामसभेत लोकांना विचारूनच ठरवा असं सांगितलं, तेव्हा सगळं गाव खूश झालं. पाणी कधी सोडायचं हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. डांबरी रस्ता कुणाच्या बांधावरून न्यायचा हेही नाही. घरं कुणाला द्यायची हे मात्र विचारणार होते, आणि या बाबतीत आम्ही सगळेच जाणकार.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा भरली. मधल्या खुर्चीत सरपंच लालासाहेब, पुढच्या ओळीत पंख्याखाली त्यांची आई बनुबाई, बाकी गाव सतरंजीवर. ग्रामसेवक रविराज भाऊसाहेब घाम पुसत उभे राहिले.

"उद्दिष्ट अकराचं आहे," ते म्हणाले. "अकरा म्हणजे अकरा. दहा झाली तर मला वरून नोटीस येणार. बारा झाली तर बारावं घर मी माझ्या खिशातनं बांधायचं. तेव्हा मंडळी, नीट विचार करून सांगा."

विचार कुणी केला नाही. पहिली दहा नावं चहा यायच्या आत ठरली. आमच्याकडे बंगल्यात राहणारी माणसंसुद्धा कागदावर बेघर असतात. पोरगं बापापासून वेगळं झालेलं असतं, ते रेशनकार्डावर. जेवायला दोघं एकाच पंगतीला बसतात. अशी सगळी घरं बसवून झाली आणि अकराव्या नावाला गाडी अडली.

अकराव्या जागेवर लालासाहेबांच्या पुतण्याचा, विश्वजीतचा डोळा होता. द्राक्षबागेजवळच्या गोठ्यात आपण राहतो, असं त्यानं लिहून दिलं होतं. त्या गोठ्यात त्याच्या दोन म्हशी राहायच्या. तो स्वतः गावात, वडिलांच्या स्लॅबच्या घरात राहायचा. बागेजवळ त्याला एक पक्की खोली हवी होती. फवारणीची औषधं ठेवायला आणि दोस्तांबरोबर बसायला. कारण एवढंच होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तेवढ्यात दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ बसलेली एक बाई उठून उभी राहिली. धोंडुबाई. बिराप्पाची बायको. ही दोघं जतकडची. वीसेक वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन तुटलेल्या उसाच्या रानात चारायला आली आणि राहिली. बिराप्पाची मेंढरं ज्याच्या रानात बसतात त्याचं रान खतानं काळं होतं, म्हणून गावानंही त्यांना ठेवून घेतलं. गावठाणाच्या टोकाला एक तुकडा नावावर करून दिला. त्यावर कुडाच्या भिंतींची आणि पाचटाच्या छपराची झोपडी. एवढ्या वर्षांत धोंडुबाई सभेत कधी बोलली नव्हती.

"मला सुनंला आनायचं हाय," ती म्हणाली.

कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. गेल्या पावसाळ्यात छपरातून धामण खाली पडली, ती नातवाच्या झोळीत. पोराला काही झालं नाही. पण सून माया त्याला उचलून जी माहेरी गेली ती गेलीच. डोक्यावर धड छप्पर झाल्याशिवाय या दारात पाऊल टाकणार नाही, असं सांगून गेली.

"नातू तवा बसाय शिकत हुता. आता चालत आसंल," धोंडुबाई म्हणाली. "मी बगितला न्हाई. मला काय बी नगं, निस्तं त्ये पोरगं माज्या दारात चालूंद्या."

मग एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळेच. लालासाहेबांनीही केला, कारण सगळं गाव बघत होतं. त्या दिवशी गाव खरंच चांगलं वागलं, हे कबूल करायला पाहिजे. माणसं अधूनमधून तशी वागतात. अकरावं नाव धोंडुबाईचं झालं. भाऊसाहेबांनी नियमाप्रमाणे एक राखीव नाव घेतलं. तालुक्याच्या पाहणीत कुणी अपात्र ठरलं तर त्याच्या जागी विश्वजीत.

सभा सुटल्यावर विश्वजीत घरी जाऊन आजीपुढं फणफणला. "काकानं तिच्यासाठी हात वर केला, आजे! त्या धनगरणीसाठी!"

बनुबाई लसूण सोलत होत्या. वय झालेलं, पण नजर शाबूत. "आरडू नगंस. तिला घर मिळतंय कशानं?"

"झोपडीत राहती म्हणून."

"मग झोपडी ठिवायची न्हाई."

"पाडायची? पोलीस केस हुईल."

"येडा हाइस," बनुबाई म्हणाल्या. "सजवायची."

आता हे समजायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे. मुलीकडचे लोक मुलाचं घर बघायला येणार असले की ते घर एकट्याचं राहत नाही. शेजारची खुर्ची येते, पलीकडची स्टीलची पिंपं येतात, कुणाचा गालिचा, कुणाचा टीव्ही. पाहुण्यांसमोर त्या सगळ्या वस्तू त्या घराच्याच असतात. देणारा तिथं उभा असला तरी शब्द काढत नाही. आणि घेणाऱ्यानं 'हे मागून आणलंय' असं म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर पाणी मारण्यासारखं. धोंडुबाईच्या मुलाचं, धुळाचं लग्न ठरताना हेच झालं होतं. मायाच्या बापाला जी दारात बांधलेली दुभती म्हैस दिसली, ती बनुबाईंची होती. लग्न झाल्यावर म्हैस आपल्या घरी गेली. माया पहिल्या दिवशी धार काढायला चरवी घेऊन बाहेर आली, तेव्हा खुंट्याला नुसता दोर होता. धोंडुबाईला मात्र त्या म्हशीचे उपकार जन्मभर वाटत राहिले.

म्हणून बनुबाई जेव्हा तिच्या झोपडीत आल्या, खाली बसल्या, तेव्हा धोंडुबाईला काय करू नि काय नको असं झालं.

"धोंडे," बनुबाई म्हणाल्या, "तालुक्यासनं मॅडम येणार हाय. घर बघाया."

"व्हय आईसाब. भाऊसायेब म्हनलं."

"मग आसं उगडंबोडकं दावनार हाइस व्हय? आगं, सरकार घर देतंय म्हंजी लेक दिल्यासारकंच हाय. बगून देनार. ज्याला घर ठिवाय येतं त्याला देनार. हितं कोळिष्टकं बगितली तर म्हनतील, ह्यांला पक्कं घर देऊन काय करायचं, ह्यी त्यात मेंढरं बांधतील."

धोंडुबाईनं वर छपराकडं पाहिलं. तिला ते पटलं. तिला न पटण्याचं काही कारणच नव्हतं, उभ्या आयुष्यात तिनं पाहुण्याला चांगलंच दाखवायचं असतं एवढं पाहिलं होतं.

"माज्याकडं काय हाय, आईसाब?"

"तुज्याकडं नसंल, गावाकडं हाय की," बनुबाई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बिराप्पा संध्याकाळी मेंढरं घेऊन आला. त्याला हे ऐकून बरं वाटलं नाही. "सरकारला गरिबी दावायची आसती का सिरीमंती?" त्यानं विचारलं.

"पाव्हण्याला कुनी गरिबी दावतं व्हय?" धोंडुबाई म्हणाली. बिराप्पा मेंढरं मोजायला बाहेर गेला.

पाहणीच्या आदल्या दिवशी गावातल्या बायका आल्या. त्यांच्यातल्या एकीलाही बनुबाईंच्या पोटातलं माहीत नव्हतं. त्या खरोखर मनापासून आल्या होत्या, सभेतल्या पुण्याची अजून थोडी चव राहिली होती त्यांच्या तोंडात. त्यांनी कुडाच्या भिंती लिंपल्या, त्यावर निळीचा चुना दिला. विश्वजीत स्वतः गड्यांना घेऊन आला. गोठ्यावरचे पत्रे उतरवून त्यानं ट्रॉलीत भरून आणले होते. पाचट खाली ओढलं, पत्रे वर चढवले. खाली पडलेल्या पाचटाचं काय करायचं म्हणून बायकांनी तीन दगड मांडून त्यावरच चहा उकळला. भरपूर चहा झाला, पाचट संपेपर्यंत.

शेवटी ट्रॅक्टरमधून फ्रीज आला. धोंडुबाई हात जोडून म्हणाली, "आईसाब, फ्रीज कशाला?"

"एवढ्या उनाचं येनार मॅडम. गार पानी द्याय नगं?"

विश्वजीतनं जवळच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढली. फ्रीज सुरू झाला. दार उघडलं की आत दिवा लागतो याचं धोंडुबाईला इतकं नवल वाटलं, की तिनं ते पाच-सहा वेळा उघडून मिटलं. बायका हसल्या, तीही हसली. संयोगितानं, म्हणजे विश्वजीतच्या बायकोनं, तिला शेजारी बसवून घेतलं. पोह्यांची ताटली तिच्या हातात दिली. वीस वर्षांत त्या घरांच्या दारात उभं राहून तिनं ताक नेलं होतं, शिळं नेलं होतं. आज त्याच घरच्या बायका तिच्या दारात मांडी घालून बसल्या होत्या. तिचे डोळे भरून आले. आपण इतकी वर्षं गावाला उगीच परकं समजलो, असं तिला वाटलं. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता, आणि तो बनुबाईंनी तिला दिला होता.

तिची स्वतःची अशी एकच वस्तू घरात मांडण्याजोगी होती. एक घोंगडं. नातू जन्मला तेव्हापासून कोकरांची पहिली लोकर बाजूला ठेवून, कातून, तिनं ते करून घेतलं होतं. काळंभोर, कडेला पांढरी पट्टी. नातवाला बसवायचं म्हणून अजून घडी मोडली नव्हती. बनुबाईंनी ते उचलून हातावर तोललं, अंगठ्यानं लोकर चाचपली. "झ्याक हाय," त्या म्हणाल्या. मग ते मागून आणलेल्या खाटेखाली सरकवलं, वर सोफ्याच्या उशा मांडल्या.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून साक्षी मॅडम आल्या. माधवनगरची मुलगी, कंत्राटी इंजिनीअर, डोक्याला स्कार्फ, हातात मोबाइल. घर बघायचं, प्रश्न विचारायचे, फोटो काढून पाठवायचा. तिच्यावरही उद्दिष्ट होतंच, बऱ्याच गावांचं.

दारात येऊन ती थबकली. वर पत्रे, भिंती पांढऱ्याशुभ्र, टीव्ही, फ्रीज. बनुबाई आणि दोन-तीन बायका बाजूला पदर सावरून उभ्या होत्या. धोंडुबाईनं काचेच्या ग्लासातून पाणी दिलं. गार.

साक्षी काही मूर्ख नव्हती. वायर कुठून आली तेही तिनं पाहिलं. "मावशी," तिनं विचारलं, "हे सगळं तुमचंच का?"

"आमचंच," धोंडुबाई म्हणाली.

"नीट सांगा हं. कुणाचं मागून आणलं असेल तर तसं सांगा. काही बिघडत नाही."

असं कुणी पाहुणा विचारतो का? धोंडुबाईला बनुबाईंसाठी वाईट वाटलं. त्या तिथंच उभ्या होत्या, आणि त्यांच्या देखत त्यांच्या वस्तूंना ही पोरगी मागून आणलेल्या म्हणत होती. तिनं मान ताठ केली.

"आमी कुनाचं मागून आनत न्हाई," ती म्हणाली. "समदं आमचंच हाय. छप्पर बी आमचंच."

बनुबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

साक्षीनं खांदे उडवले. धोंडुबाईला फ्रीजशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. धोंडुबाई पदर घट्ट ओढून, श्वास रोखून उभी राहिली. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेल्या धुळानंही आपल्या मोबाइलमध्ये एक फोटो काढला. त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं तो तिथल्या तिथं मायाला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'घर झालं बघ, ये आता.' पुढचं पुढं सांगता येईल, असा त्याचा हिशेब असावा. डोकं कमीच आहे त्याला, पण बायकोपोराची आठवण खोटी नव्हती.

तिथून साक्षी राखीव नावाकडं, विश्वजीतच्या गोठ्यावर गेली. गोठ्यावर आता छप्पर नव्हतं, पत्रे धोंडुबाईच्या डोक्यावर होते. म्हशी झाडाखाली बांधल्या होत्या. उघड्या आभाळाखाली, शेणानं भरलेल्या फरशीवर एक मोडकी खाट, एक स्टोव्ह, आणि खाटेवर विश्वजीत, फाटका बनियन घालून.

"इथं राहता तुम्ही?"

"काय करनार मॅडम," विश्वजीत म्हणाला. "पत्रं टाकाय बी ऐपत न्हाई."

साक्षीनं नाकाला स्कार्फ लावून तो फोटोही काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विश्वजीत गडी घेऊन पत्रे न्यायला हजर. म्हशी उन्हात तापतायत म्हणाला. धोंडुबाईनं ना म्हटलं नाही, वस्तू परत द्यायच्या असतातच. ती खाली उभी राहून वरून एकेक पत्रा डोक्यावर घेत होती आणि ट्रॉलीत नेऊन ठेवत होती. टीव्ही गेला, खाट गेली. फ्रीजमधलं गार पाणी तिनं आधी तांब्यात ओतून घेतलं.

डोक्यावर पत्रा घेऊन ती वळली तर समोर माया उभी. कडेवर पोरगं, हातात पिशवी. जतकडून पहिल्या एसटीनं निघाली होती. अंगावर लग्नातलं लुगडं होतं.

माया झोपडीकडं बघत राहिली. चार पांढऱ्या भिंती, वर आभाळ. ट्रॉलीत दोरानं आवळलेला फ्रीज.

"आत्ती, ह्ये काय?"

"आगं ये, ये," धोंडुबाई पत्रा टाकून धावली. "ह्ये परत द्यायचं हुतं. खरं घर म्हागनं येतंय. मॅडम बगून गेली, गार पानी प्याली..."

खाट गेली तिथं उरलेलं घोंगडं तिनं आणलं, घडी मोडली, अंगणात पसरलं. मायाच्या कडेवरून नातवाला घेऊन त्यावर उभं केलं. पोरगं दोन पावलं चाललं, बसलं, लोकर मुठीत धरून बघू लागलं. धोंडुबाई त्याच्यासमोर बसून रडत होती आणि हसत होती.

माया बसली नाही. "माज्या बाला म्हस दावलासा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला फ्रीज दावलासा. आता ह्याला काय दावनार हाइसा?"

"माया, आसं नगं बोलूस. मी लबाडी न्हाई केली."

"मग कुनी केली?"

धोंडुबाईला खरंच ते माहीत नव्हतं. मायानं पोराला उचललं. त्याच्या मुठीतून घोंगड्याची कड सुटेना, ती तिनं बोटांतून सोडवली. धोंडुबाई घोंगडं गुंडाळून तिच्या पिशवीत घालू लागली, तर तिनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या हितंच. घर झालं तर तितंच बसवू त्याला." आली त्याच वाटेनं ती स्टँडवर गेली. ट्रॉलीवर बसलेला विश्वजीत हे सगळं बघत होता आणि मोबाइलवर गाणं लावून होता.

बिराप्पानं नवं पाचट आणून छप्पर शाकारलं. काही आठवड्यांनी पुन्हा ग्रामसभा लागली. नावात बदल झाला की लोकांना विचारावं लागतं, असा नियम आहे. सरकार विचारल्याशिवाय काही करत नाही.

भाऊसाहेबांनी भिंतीवर फोटो दाखवला. पांढरी भिंत, पत्र्याचं छप्पर, फ्रीज आणि त्याच्याशेजारी पदर घट्ट ओढून उभी असलेली धोंडुबाई. सभेत हशा पिकला.

"पक्कं छप्पर आढळलं, म्हणून अपात्र," भाऊसाहेबांनी वाचलं. "त्यांच्या जागी राखीव नाव, विश्वजीत."

धोंडुबाई उभी राहिली. तिला आत्ता कुठं सगळं कळत होतं. "त्यातलं माजं काय बी न्हाई. या, आत्ता बगा चला, पाचटच हाय."

"पाहणी एकदाच होते. मॅडमनी तुम्हाला दोनदा विचारलं. काय म्हणालात?"

"आमचंच म्हनलं."

"मग?"

"पाव्हण्याफुडं दुसरं काय म्हनायचं?"

पुन्हा हशा. ज्या बायकांनी त्या भिंतींना चुना दिला होता, त्या सगळ्या तिथं होत्या. आता त्यांनाही समजलं होतं. कुणी बांगड्या बघत होतं, कुणी पंखा. लालासाहेब सरपंच, त्यांच्याकडं प्रत्येकाचं काही ना काही काम अडलेलं.

"कुणाच्या वस्तू होत्या ते नाव घेऊन सांगा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांना अकरा पुरी करायची होती.

धोंडुबाईनं पुढच्या ओळीकडं पाहिलं. अजूनही तिला नाव घ्यायची लाज वाटत होती. "आईसाब," ती म्हणाली, "तुमीच सांगा की."

बनुबाई सावकाश मागं वळल्या. "धोंडे, मी तुज्या घरात चा प्याले. फ्रीजातलं गार पानी बी प्याले. आता त्यो फ्रीज कुनाचा, ह्ये मला बाईला काय ठावं?"

धोंडुबाईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं, आणि कुणी बघतही नव्हतं.

"ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा," भाऊसाहेब म्हणाले.

एक हात वर गेला. काकणं घसरून कोपरापर्यंत आली. भाऊसाहेबांनी पेन उचललं, तेवढ्यात शेजारी बसलेल्या बिराप्पानं बायकोचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला.

"सोडा," ती म्हणाली.

"मेंढरं कुनाच्या रानात बसवू?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "सांग. कुनाच्या रानात?"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण केल्याबद्दल नंतर गावाचा तालुक्याला सत्कार झाला. लालासाहेबांना शाल मिळाली.

उन्हाळा सरता सरता विश्वजीतच्या खोलीची वास्तुशांत निघाली. आदल्या दिवशी बनुबाईंचा निरोप आला, पूजेला बसायला घोंगडं पाहिजे, तुझं ते नवं दे. मागायला आलेल्याला नाही म्हणणं धोंडुबाईला कधी जमलंच नव्हतं. तिनं ते झटकलं, घडी घातली आणि स्वतः नेऊन दिलं.

पूजा झाली. साक्षी मॅडमला मानानं बोलावलं होतं. तिला त्याच घोंगड्यावर बसवलं. तिनं हात फिरवून पाहिला. "किती सुरेख आहे! कुणाचं हो हे?"

"आमचंच," बनुबाई म्हणाल्या.

धोंडुबाई दारात चपलांजवळ जेवणाची वाट बघत उभी होती. साक्षीची नजर तिच्यावर गेली. तिनं ओळखलं असावं, कारण तिचा हात लोकरीवर थांबला. "मावशी," ती हळूच म्हणाली, "हे खरंच यांचं?"

सगळे पाहुणे दाराकडं बघू लागले. बनुबाई निवांत होत्या, त्यांना भीती कसली ती नव्हतीच.

"व्हय," धोंडुबाई म्हणाली. "त्यांचंच हाय."

चार दिवस वाट पाहून ती घोंगडं मागायला गेली. खोलीला कुलूप होतं. विश्वजीत बागेत फवारणी करत होता. तोंडावरचा रुमालही न काढता तो म्हणाला, "कसलं घोंगडं? तूच म्हनलीस की सगळ्या पाव्हण्यांफुडं, त्यांचंच हाय म्हनून."

जाताना तिनं खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. नव्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून घोंगडं पसरलं होतं, आणि नातवानं जिथं बसायचं तिथं औषधांचे कॅन ठेवले होते.